जगूच्या गाडीची दुसरी चावी

जगू, आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला मोकळा. तुझ्या गाडीची चावी मी तुझ्याबरोबरच जाळली. मुद्दाम नाही. मुद्दाम केलेलं माझं कुठलंच काम आजवर धड झालेलं नाही, हे तू कुणाहीपेक्षा जास्त जाणतोस. हे जमलं, ते चुकून.

लोक दुकानात येऊन विचारतात, तुमचे मेव्हणे गेले ना? मी हो म्हणतो. पण तो शब्द आपल्याला कधी बसलाच नाही. शाळेच्या पाटीवर थुंकी लावून पुसायच्या वयापासून तू जगू आणि मी विल्या. माझ्या धाकट्या बहिणीशी, सुमाशी, तुझं लग्न ठरलं तेव्हा आई मला म्हणाली, "आता तेका भावजी म्हणाचा हां, बाळा." मी म्हटलं. मांडवात, सगळ्या पाहुण्यांसमोर, तोंड गंभीर करून. तू एवढा हसलास की मुंडावळ्यांची एक लड तुझ्या तोंडात गेली आणि भटजींना मंत्र थांबवावा लागला. त्यानंतर मी तुला भावजी म्हटलं नाही. आज म्हणावं असंही वाटत नाही.

तर चावी.

तुझी ती पांढरी गाडी आली तेव्हा तिच्याबरोबर दोन चाव्या आल्या. एक तू खिशात घातलीस. दुसरी कुणाला द्यायची? गाडी चालवायचा परवाना तेव्हा घरात तुझ्याखेरीज एका माणसाकडे होता, तो म्हणजे सुमाकडे. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी मैदानात आठचा आकडा काढायला लावला तेव्हा तिने तो पहिल्या फटक्यात काढला होता. मी बघायला होतो. माझा आठ तीनदा पाचासारखा निघाला आणि नंतर मास्तरांनीच मला पंख्याचं दुकान नीट चालवायचा सल्ला दिला. तरी ती दुसरी चावी तू मला दिलीस. "अडीअडचणीक असूदे," म्हणालास. गाडी न येणाऱ्या माणसाकडे अडीअडचणीची चावी. हे फक्त तुलाच सुचू शकतं.

ती चावी मी विजयदुर्गच्या जेटीवर घालवली. टोपलीतले बांगडे ताजे आहेत का बघायला कल्ले उघडून वाकलो आणि शर्टाच्या वरच्या खिशातून ती घसरली. फळ्यांच्या फटीतून खाली गेली. आवाजसुद्धा झाला नाही. मासेवाली म्हणाली, "काय पडला ओ?" मी म्हटलं, काही नाही. घरी आल्यावर तुला सांगितलं तेव्हा तू जराही रागावला नाहीस. फक्त विचारलंस, "बांगडे तरी ताजे होते मा?"

नव्हते रे.

त्यानंतर आपलं भांडण सुरू झालं आणि ते तू जाईपर्यंत चाललं. मी म्हणायचो, दुसरी चावी करून घे आणि ती सुमाला दे. तू म्हणायचास, "घर एक, बायल एक, चावी एक. दोन झाली काय भांडणा." मी म्हणायचो, बाई वर सड्याच्या कातळमाळावरच्या शाळेत शिकवते, तू निवृत्त झालास म्हणून तिला रोज सकाळी नेऊन सोडतोस आणि दुपारी घेऊन येतोस, ते ठीक, पण उद्या तुला ताप आला तर? तू म्हणायचास, "ताप इलो तर तुझ्या दुकानातलो पंखो लावन निजान." एवढ्यावर तू विषय संपवायचास आणि चहा मागवायचास, माझ्या नावावर.

मग मी स्वतःच चावी करायची ठरवली. मी पंखे, मिक्सर, इस्त्र्या विकतो, त्यामुळे वीज ज्यातून जाते ते सगळं आपल्याला कळतं असा माझा एक समज आहे. गाडीतून तांदळाच्या पिशव्या काढायच्या म्हणून तुझ्याकडून गाडीची चावी मागून घेतली आणि बाजारात चावीवाल्याकडे नेली. तो म्हणाला, "ह्या चावयेच्या डोक्यात चीप आसा. नुसती पाती घासून गाडी चालू होवची नाय." मी म्हटलं, "तू पाती घास. चीप मी बघतंय." त्याने घासली. दिसायला हुबेहूब.

जत्रेच्या दिवशी देवळासमोर अर्ध्या जामसंडे गावाच्या देखत मी तुझ्या गाडीजवळ गेलो, ऐटीत दार उघडलं, आत बसलो. दार उघडलं हेच माझ्या दृष्टीने जिंकणं होतं. गाडी मी नाहीतरी हलवणार नव्हतो, नुसती चालू करून तुझं तोंड बघणार होतो. चावी फिरवली. इंजिन घुरघुरलं, क्षणभर लागलं आणि बंद पडलं. पुन्हा लागलं, पुन्हा बंद. समोर चावीच्या आकाराचा एक तांबडा दिवा डोळा मारत होता. मागून कोणीतरी ओरडलं, "पेट्रोल घाल रे!" दुसरा म्हणाला, "ढकलूया काय?" आणि माझी परवानगी न घेता चौघांनी ढकलायला सुरुवात केली. मला ब्रेक कुठे ते आठवेना. नारळाच्या ढिगाला लागून गाडी थांबली. तू बाजूला उभा राहून जत्रेतलं गुळाचं खाजं खात होतास. पुडी संपवलीस, हात झटकलेस, खिडकीशी आलास आणि म्हणालास, "विल्या, गाडी तुका वळखणा नाय रे."

मग स्वतःची चावी लावून एका फटक्यात चालू केलीस. वर जमलेल्या लोकांना समजावलंस, की चावीच्या डोक्यात तांदळाच्या कण्याएवढी चीप असते, जिथे चावी घालतो तिथे भोवती एक कडं असतं, ते कडं त्या चीपला विचारतं, तू कोण? उत्तर बरोबर आलं तरच गाडीतला कॉम्प्युटर इंजिन चालू ठेवतो. "गावात भायलो माणूस इलो काय आपण इचारतो मा, कोणाकडचो? तसाच. विल्याची चावी मुकी. ती काय सांगतली?" लोक हसले. मी पण हसलो. नारळवाल्याने मात्र फुटलेले नारळ माझ्या पिशवीत भरून दिले, आणि आठवडाभर आमच्याकडे सोलकढी.

तेव्हाही मी सोडलं नाही. देवाला कौल लावला. तू माझ्या शेजारी हात जोडून उभा. गुरवाने देवाच्या दोन्ही बाजूंना फुलाच्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, की बा देवा म्हाराजा, ह्या जगन्नाथाच्या गाडयेक दुसरी चावी करूची काय नाय, ह्येचो जो काय तो निकाल दी रे म्हाराजा. मी सगळ्यांत मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हटलं. पाकळी पडेना. गुरव म्हणाला, "देव इचार करता." तू माझ्या कानात म्हणालास, "देवाक चीप ठावक नसतली." आणि तेवढ्यात उजवी पडली. उजवी म्हणजे होकार. मी तुझ्याकडे बघितलं. तू देवाला नमस्कार केलास, खाली पडलेली पाकळी डोळ्यांना लावलीस आणि म्हणालास, "देवान करूक सांगल्यान. कधी करूची ता खंय सांगल्यान?"

असल्या माणसाशी भांडून कोण जिंकणार.

तुझ्या छातीत दुखलं त्या सकाळी मी इथे नव्हतो, पंख्यांचा माल आणायला कणकवलीला गेलो होतो. त्यामुळे पुढचं सगळं सुमाच्या तोंडून ऐकलेलं. जवळच्या डॉक्टरांनी ईसीजीचा कागद बघून ओरोसच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायला सांगितलं. ते रुग्णवाहिका बोलावत होते. तू म्हणालास, "गाडी आसा मा दारात." सुमा म्हणाली, मी चालवते. तू गाडीत जाऊन बसलास, तुझ्याच जागेवर, आणि चावी फिरवलीस. शर्ट घामाने भिजलेला, एक हात छातीवर, आणि अशा स्थितीत तू ओरोसच्या अलीकडच्या कसालपर्यंत गाडी नेलीस. एवढ्या एका गोष्टीसाठी, जगू, मी तुला माफ केलेलं नाही. डॉक्टरांना मी विचारलं, त्यामुळे जास्त झालं का? ते म्हणाले, सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणजे मी आयुष्यभर दोन्ही बाजूंनी विचार करत बसायचं. तू सुटलास.

कसालच्या बाजाराजवळ तू गाडी बाजूला घेतलीस. उतरलास, पुढून वळसा घालून डाव्या बाजूला गेलास, दार उघडून बसलास आणि पट्टा लावलास. सुमाला म्हणालास, "चल, मार." ती उजवीकडे जाऊन बसली. ओरोसपर्यंत तिनेच गाडी नेली.

मी तिला विचारलं, "मगे? काय म्हणालो काय तो? क्लच असो धर, गियर तसो घाल?" कारण तुला मी ओळखतो. एसटीत बसलास तरी तू ड्रायव्हरला मागून सांगायचास.

ती म्हणाली, "एक शब्द बोलूक नाय. डोळे उघडे, रस्त्याकडे बघीत. काय एक बोलूक नाय. तेव्हा माका भय वाटला, दादा. तोपर्यंत वाटूक नव्हता."

हॉस्पिटलात तुला आत नेताना तू तिच्याकडे हात केलास. "चावी?" तिने दिली. तू पायजम्याच्या खिशात घातलीस. मी संध्याकाळी पोचलो तेव्हा तू बरा दिसत होतास. नळ्या होत्या, पण तोंड चालू होतं. माझ्याकडे बघून म्हणालास, "विल्या, तो पंखो बघ, आवाज करता." मी वर बघून सांगितलं, बेअरिंग गेलंय. तू म्हणालास, "माका वाटलाच." आपल्या एवढ्या वर्षांच्या बोलण्यातलं शेवटचं बोलणं ते. पंख्याचं बेअरिंग. मी त्याच्यापेक्षा बरं काहीतरी शोधून ठेवलं असतं, पण मला वाटलं उद्या आहे. उद्या दुपारी तू गेलास.

तुला रुग्णवाहिकेतून घरी आणलं. सुमा तुझ्याजवळ बसली, मी पुढे. गाडी हॉस्पिटलच्या आवारात आंब्याखाली राहिली. ती कोणाला आठवणार होती. हॉस्पिटलने तुझे कपडे एका पिशवीत घालून माझ्या हातात दिले. घरी आल्यावर एक वडीलधारी बाई म्हणाल्या, अंगावरचे कपडे घरात घेऊ नयेत, तुझ्याबरोबरच द्यावेत. माझ्यावर त्या दिवशी सगळ्यांनी कामं सोपवली होती आणि मला एकही चूक करायची नव्हती. मी ती पिशवी दारासमोर खळ्यात, सगळ्यांच्या नजरेसमोर ठेवली, दोनदा जागेवर आहे ना बघितली आणि स्मशानात स्वतःच्या हाताने लाकडांत सारली. एवढं चोख काम मी जन्मात केलं नव्हतं.

पुढचं ऐक. राख सावडायला गेलो तेव्हा भटजींनी काठीने एक काळा, वाकडा तुकडा बाजूला केला. "ह्यां काय ओ?" मी बघितलं आणि जाणत्या माणसासारखा म्हणालो, "लाकडातलो खिळो असतलो." आणि बाकीच्याबरोबर तोही मडक्यात गेला आणि तुझ्याबरोबर समुद्रात गेला. म्हणजे एका गाडीच्या दोन्ही चाव्या एकाच समुद्रात पोचवणारा या किनाऱ्यावर मी एकटाच असेन.

कार्य आटपलं, पाहुणे पांगायला लागले, तेव्हा तुझी मुलगी मुक्ता म्हणाली, "मामा, गाडी ओरोसलाच आहे ना? चावी कुठंय?" शोधाशोध सुरू झाली. देवघर, फळी, तुझ्या शर्टांचे खिसे, तांदळाचा डबासुद्धा. सुमा पडवीत बसून होती. तिने मला हाक मारली. "दादा, तेंच्या पायजम्याच्या खिशात होती. ती पिशवी खंय ठेवलंस?"

 बोलायची गरजच पडली नाही. माझं तोंड सगळं सांगतं, तू म्हणायचास तसं. सुमाने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "जाळलंस?"

"खिळो नव्हतो तो," मी म्हटलं.

आणि ती हसायला लागली. जगू, तू गेल्यापासून त्या घरात कोणी धड रडलंही नव्हतं. सगळी पाणी आणा, भात वाढा यातच होती. सुमा भिंतीला टेकून, पदर तोंडात धरून हसत होती, आणि मुक्ता विचारत होती काय झालं, काय झालं, आणि कळल्यावर तीही. मग दोघी रडल्या. बराच वेळ रडल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा केला. साखर घालायची विसरलो, पण दोघींनी तो तसाच प्यायला.

पण प्रश्न चावीपुरता नव्हता. मुक्ताने त्याच संध्याकाळी विषय काढला. "आई, गाडी आहे तशी कोणाला तरी देऊन टाकू. तू नोकरी सोड आणि पुण्याला चल. बाबा नाहीत, सड्यावर रोज कशी जाणार? एसटी शाळा सुटायच्या तासभर आधीच निघून गेलेली असते." पोरीचं खोटं नव्हतं. सुमा एवढंच म्हणाली, "माझ्या वर्गातली पोरां चौथीत गेलीहत. वर्षाच्या मधी सोडून खंय जाव?"  मला कळलं की ती गाडी आंब्याखालून हलली तर माझी बहीण इथे राहणार, नाही हलली तर पुण्याच्या एका खोलीत टीव्हीसमोर बसणार. आणि ती न हलायचं कारण मी.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी एकटाच ओरोसला गेलो. माझ्याकडे ती मुकी चावी होती. मला वाटलं, गाडी इतके दिवस उभी आहे, कदाचित विसरली असेल. सुमाने त्या दिवशी ती चावीवरच्या बटणाने बंद केलेली, मी नुसती पाती घालून दार उघडलं आणि गाडी बोंबलायला लागली. हॉर्न, दिवे, सगळं. चोरापासून राखायची जी काही सोय त्या गाडीत होती ती सगळी माझ्यावर सुटली. वॉचमन धावत आला.

"गाडी कोणाची?"

"माझ्या मेव्हण्याची."

"ते खंय आसत?"

"गेले."

"खंय गेले?"

मी बोट वर केलं. त्याने वर बघितलं. वर पुरुषांचा वॉर्ड होता.

"मगे तेंका खाली बोलवा."

त्याला समजावेपर्यंत खिडक्यांतून दोन मजले बघत होते. शेवटी एका नर्सबाईंनी मला ओळखलं. "पंख्याचा बेअरिंग सांगणारे ते हेच," म्हणाल्या, आणि वॉचमनने माझा हात सोडला.

मग गाड्यांच्या चिपवाल्या चाव्या करणाऱ्या कुडाळच्या समीरला ओरोसला बोलावलं. डोक्यावर गॉगल चढवलेला, हातात पाटीएवढं यंत्र, आणि गिऱ्हाइकाशी बोलताना कचेरीतली मराठी. सुमा, मुक्ता आणि मी तिघेही गेलो. त्याने आधी कागद मागितले. "चावी बनवताना मालक समोर लागतात. उगाच कोणाच्याही गाडीची चावी आम्ही करून देत नाही."

"मालक येऊ शकत नाहीत," मी म्हटलं.

"मग त्यांचं सहीचं पत्र द्या."

सुमाने गाडीचे कागद, आपलं आधारकार्ड आणि तुझा मृत्यूचा दाखला पुढे केला. समीरने वाचला. गॉगल काढून खिशात ठेवला. "बाय, तुमी थंय सावलेत बसा," म्हणाला. त्यानंतर तो तिच्याशी मालवणीतच बोलला.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून गाडीचा गुप्त आकडा यायचा होता. समीरने माझी मुकी चावी मागून घेतली, तिच्यावरून नव्या चाव्यांच्या पात्या कापायच्या होत्या. म्हणजे ती अगदीच वाया गेली नाही, एवढं तुला मुद्दाम कळवतो. आम्ही आंब्याखाली बसलो. मुक्ता फोनवर बोलत लांब गेली. मला वाटलं, ही वेळ बरी आहे. मी सुमाला म्हटलं, "तेनी माझा ऐकलेला असता तर आज तुझ्या हातात चावी असती. मी किती सांगलंय तेका, तुझ्यासाठी."

सुमा म्हणाली, "दादा, तू माझ्यासाठी इतकी वर्षां भांडलंस. माका कधी इचारलंस?"

"काय इचारूचा?"

"माका व्हयी काय चावी, ता."

"तुका नको होती?"

"व्हयी होती." तिने एक सुकलेलं पान उचलून दुमडलं. "पण ते रिटायर झाले तेव्हा कसे झाले होते, तू बघितलंस मा? दहा वाजले तरी आंथरुणात. मगे माका सोडूक येवक लागले. शाळेभायरच्या टपरेर बसत, अर्ध्या गावाचे अर्ज लिहून देत, भांडणा सोडवीत. सकाळी माझ्या आधी तयार. दुसरी चावी झाली असती तर तेंनी घराकडे बसान काय केल्यानी असता? म्हणान मी गप रवलंय. तेंका ठावक होता मी कित्याक गप ता. आमी कधी बोललो नाय."

 जगू, मी ज्या भांडणात वकील होतो त्यात अशीलच दुसऱ्या बाजूला बसलेलं होतं, आणि तुम्ही दोघं मला शांतपणे वाद घालू देत होतात. चहा पाजून. माझ्याच नावावर. तुझ्यावर रागवावं की काय करावं मला कळेना. मग वाटलं, एवढी वर्षं माझं ऐकून घेतलंत, हेही काही कमी नाही. माझं दुकानातला नोकरसुद्धा ऐकत नाही.

आकडा आला. समीरने स्टिअरिंगच्या खाली कुठेतरी यंत्राची वायर खोचली आणि बटणं दाबत म्हणाला, "आता जुनी चावी होती ती सगळी पुसान जातली. जी चावी आता समोर नाय, तिका गाडी इसारतली. चलात मा, बाय?"

 मी समुद्राचा आणि जाळाचा विचार करत होतो. सुमाने जराही वेळ लावला नाही. "पूस," म्हणाली.

"नवी किती लावूची?"

"दोन."

पहिली चावी लावली. तांबडा दिवा डोळा मारत राहिला, मारत राहिला. समीर म्हणाला, थांबायचं, गाडीला घाई आवडत नाही. आम्ही चौघे त्या एवढ्याशा दिव्याकडे बघत उभे. मग तो विझला. दुसरी लावली, पुन्हा तसंच. समीरने दोन्ही चाव्या पुढे केल्या. एक सुमाने घेतली. दुसरीसाठी मी सवयीने हात पुढे केला.

"तुका?" सुमा म्हणाली.

"अडीअडचणीक."

"मामा, हात खाली," मुक्ता म्हणाली. तिने ती चावी समीरच्या हातातून घेतली, जरा वेळ उलटीसुलटी करून बघितली आणि आपल्या पर्समध्ये टाकली. "माझ्याकडे राहू दे. आई, मी आले की मला लागेल ना गाडी." सुमाने मान डोलावली. गाडी विकायचं त्यानंतर कोणी बोललं नाही.

सुमा आत बसली आणि तिचे पाय पोचेनात. सीट तुझ्या उंचीला मागे सारलेली. कसालपासून त्या दिवशी ती सीटच्या कडेवर टेकून, स्टिअरिंगला धरून आली होती, हे तेव्हा कळलं. खाली सीट सरकवायचा खटका होता, तो इतकी वर्षं कोणी हलवलाच नव्हता, गंजून बसलेला. समीरने ओढला, मी मागून ढकललं, समीर म्हणाला काका तुम्ही उलट ढकलताय, मग मी दुसरीकडून ढकललं. खाट करून आवाज झाला आणि सीट पुढे गेली, माझं बोट आत घेऊन. सुमाने आरसा खाली केला, पट्टा लावला, चावी फिरवली. गाडी चालू झाली आणि चालू राहिली. मी बोट चोखत बाहेर उभा.

"बसतंस काय चलत येतंस?" तिने विचारलं.

सोमवारपासून ती शाळेत जाते. चढावर अजून गियर बदलताना इंजिन बोंबलतं, आमच्या दुकानापर्यंत ऐकू येतं. फाटकाच्या दगडी गडग्याला डावी बाजू एकदा घासली. ते मी रंगवून घेईन, तू काळजी करू नकोस. टपरीवर लोक तुझ्या जागेवर बसत नाहीत म्हणे, पण ते कमी होईल, बाकडं लहान आहे.

काल अंगणात गाडी उघडीच होती. मी तेलाची बाटली घेऊन गेलो, सीटच्या त्या खटक्याला तेल घातलं, पुढे-मागे सरकवून बघितलं. आता लोण्यासारखा चालतो. काम चांगलं झालं म्हणून मी खूश होऊन हात पुसत होतो तोच सुमा बाहेर आली.

"सीट मागे कोणी केली?"

"मी. तेल घातलंय. म्हटलं, आता कोणी उंच माणूस बसलो तर तेका पण..."

"कोण बसतलो, दादा?"

 मी वाकलो, खटका धरला आणि सीट पुढे ओढून दिली.